उठवत नाही, त्याला आळशी म्हणण्याआधी



दर आठवड्याला आपण पिकाचे बोलतो. कधी तुरीवरची अळी, कधी हरभऱ्याचा मर, कधी कपाशीची वेचणी. आज पिकाचे नाही, पीक घेणाऱ्या माणसाचे बोलायचे आहे. विषय घराघरातला आहे. सकाळी वेळेवर जाग येत नाही. आली तरी अंग उठू देत नाही. मग घरात बोलाचाली होते आणि दिवसाची सुरुवातच कडू होते.

या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे का, असे कोणी विचारील. तर आधी माझीच चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस होते. जिंतूर तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्याची शेतीशाळा होती. वेळ मीच ठरवली होती, सकाळी साडेसातची. गावकरी मंडळी वेळेवर जमली. एक तरुण शेतकरी मात्र साडेआठला आला. डोळे लाल, केस विस्कटलेले, पायाला चिखल. मी बोलता बोलता थांबलो आणि चारचौघांत म्हणालो, "काय राव, सूर्य कासराभर वर आला तरी गोधडी सुटंना का?" मंडळी हसली. तो काहीच बोलला नाही, मान खाली घालून मागे जाऊन बसला.

कार्यक्रम संपल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ आले. म्हणाले, "साहेब, आमच्याकडं ह्या आठवड्यात लाईट रात्री बाराला येती अन् सकाळी आठला जाती. पोरगं तीन रात्री झाल्या तुषारचे पाईप हलवतंय. आज आठला लाईट गेली अन् तसंच शेतातून तुमच्याकडं आलं. च्या सुद्धा घेतला नाही त्यानं."

वाचकहो, मी तिथेच खाली बघायला लागलो. जो माणूस रात्रभर झोपला नाही, त्याला मी झोपाळू म्हणालो होतो. त्याच्या घरी जाऊन मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या साहेब, तुम्हाला काय माहीत." पण माहीत करून घेणे हेच तर माझे काम होते! तेव्हापासून कोणत्याही गावात बैठक ठरवण्याआधी मी पहिला प्रश्न विचारतो, "या आठवड्यात लाईट कधी आहे?"

रात्रीची लाईट आणि झोपेची उधारी

आपल्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळत आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. विहिरीत पाणी आहे, पीक फुलोऱ्यात आहे आणि लाईट रात्रीची आहे, तर शेतकरी काय करणार? जावेच लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजनाही आली. ज्यांना दिवसा पाणी देता येऊ लागले, त्यांना विचारा. पहिला फायदा ते पिकाचा सांगत नाहीत, झोपेचा सांगतात. पण जोवर आपल्या शिवारात रात्रीची पाळी आहे, तोवर तिचे गणित नीट मांडले पाहिजे.

मोठ्या माणसाला दिवसाच्या चोवीस तासांत निदान सात तास झोप लागते. ती बुडाली तर सुटत नाही, अंगावर साचते. दुकानाच्या उधारीसारखेच हे आहे. तीन रात्री चार-चार तासच झोपलात, तर नऊ तासांची उधारी झाली. ती डोक्यावर घेऊन माणूस फवारणीचे औषध मोजतो, मोटारसायकल चालवतो, कडबाकुट्टीत हात घालतो. अपघात अशाच वेळी होतात.

म्हणून रात्रपाळी असेल त्या आठवड्यात एवढे करा. लाईट बाराला येणार असेल तर जेवण सात-साडेसातला उरका आणि आठ ते साडेअकरा झोपून घ्या. सकाळी घरी आल्यावर पुन्हा तीन-चार तास झोपा. खोलीत अंधार करा, अंगावर पांघरूण घ्या. घरच्यांनी या माणसाला 'दिवसा लोळतो' म्हणू नये. पोरांना बाहेर खेळायला धाडावे, टीव्ही बंद ठेवावा. आणि आलटून-पालटून जा. एकाच माणसाने आठवडाभर रात्री काढू नयेत. शेजारच्या शेतकऱ्याशी सांगड घातली तर सोबतही होते. एकट्याने रात्री मोटारीवर जाणे धोक्याचेच. पायात गमबूट, हातात बॅटरी हवी. ओल्या हाताने स्टार्टरला कधीही शिवू नका.

शरीरातले घड्याळ

रात्रपाळी नसतानाही ज्यांना उठवत नाही, त्यांचे काय? त्यासाठी शरीरातले घड्याळ समजून घ्यावे लागेल.

लाजाळूचे झाड तुम्ही पाहिले आहे. दिवसा पाने उघडते, रात्री मिटते. १७२९ साली फ्रान्समधल्या द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळू अंधारात ठेवून पाहिली. सूर्य दिसत नव्हता, तरी पाने सकाळच्या वेळी उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे झाडाच्या आतच वेळेची जाण आहे. सूर्यफुलाचे कोवळे रोप दिवसभर सूर्यामागे पश्चिमेकडे वळते आणि रात्रीतूनच पुन्हा पूर्वेकडे तोंड करून उजाडण्याची वाट बघते. माणसाच्या पेशीपेशीत असेच घड्याळ आहे. ते कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ रोज थोडे मागेपुढे होते. त्याला चावी देतो तो सकाळचा उजेड. आता आपल्या परभणीचे पाहा. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर ठरलेली आहे. परभणी त्याच्या पश्चिमेला, सुमारे पावणेसत्त्याहत्तर रेखांशावर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर आपला सूर्य घड्याळाच्या तेवीस मिनिटे मागे चालतो. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत मात्र सात वाजतात. सव्वा तासाचा फरक! त्यात परभणीची थंडी तुम्हाला सांगायला नको. म्हणून जूनमध्ये पेरणीच्या घाईत पाचला टणकन उठणारा माणूस जानेवारीत गोधडीत गुरफटून राहतो. तो बिघडलेला नसतो, बाहेर अंधार आणि गारवा असतो.

मग उपाय काय? महागाचा एकही नाही.

पहिला उपाय. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, बाजाराच्या दिवशीही आणि लग्नसराईतही. झोपायला उशीर झाला तरी उठण्यात तासापेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. कमी पडलेली झोप दुपारी वीस-तीस मिनिटे डुलकी घेऊन भरा.

दुसरा. उठल्याबरोबर उजेडात या. अंगणात, गोठ्यात, शेताकडे जा. पंधरा-वीस मिनिटे उघड्यावर गेली की घड्याळाला चावी बसते.

तिसरा. आज सातला उठत असाल तर उद्यापासून पाचला उठण्याची शपथ घेऊ नका. ती चौथ्या दिवशी मोडते. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे या. महिनाभरात दोन तास अलीकडे याल आणि अंगाला कळणारही नाही. पण झोपायची वेळही तेवढीच अलीकडे आणा, नाहीतर उधारी वाढेल.

चौथा. चहाचा अंमल लवकर उतरत नाही. निम्मा उतरायलाच पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी पाचनंतरचा चहा सोडा. दारूने झोप लागते असे म्हणणारे पुष्कळ आहेत. लागते, पण मध्यरात्री मोडते आणि सकाळ सगळी जड जाते.

पाचवा उपाय मोबाईलचा. अंथरुणात तो घेऊ नका. गजर लावून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. बंद करायला उठावेच लागते.

आईची झोप आणि लेकराची झोप

आता भगिनींबद्दल. घरात सगळ्यांत आधी कोण उठते? पाणी, चूल, डबे, धारा, सगळे उजाडायच्या आत. आणि सगळ्यांत शेवटी कोण झोपते? तीच. तिला एखाद्या दिवशी जाग आली नाही तर घर कुरकुरते. मी एका बैठकीत पुरुषांना विचारले, "तुमच्या घरचे माणूस रात्री किती वाजता झोपते?" अर्ध्या लोकांना सांगता आले नाही, कारण तोवर ते स्वतः झोपलेले असत! रात्रीची भांडी, गोठ्यातली वैरण, सकाळची एक धार, यातले एक काम पुरुषांनी अंगावर घ्या. तिला तासभर झोप मिळेल.

लेकरांनाही रागावण्याआधी विचार करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून जास्त झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास. वयात येताना मुलांचे घड्याळ आपोआप उशिराकडे सरकते, तो त्यांचा वाह्यातपणा नव्हे. शासनालाही हे पटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला. मात्र मोठ्या मुलांनी रात्री बारापर्यंत मोबाईल बघावा आणि सकाळी घड्याळाला दोष द्यावा, हेही चालायचे नाही.

हा आळस नव्हे, दुखणे आहे

सगळे करूनही महिनोन् महिने उठवत नसेल, तर दवाखाना गाठा. रक्त कमी असले, थायरॉइडचा त्रास असला, तर माणूस सदा थकलेला राहतो. मोठ्याने घोरणारा आणि घोरता घोरता श्वास अडकणारा माणूस दहा तास झोपूनही ताजा होत नाही. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा.

दोन गोष्टी तर जिवावरच्या आहेत. आखाड्यावर जमिनीवर झोपू नका, बाज आणि मच्छरदाणी वापरा. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळले, तर त्याला 'झोप पुरी झाली नाही' म्हणून पडू देऊ नका. मांत्रिकाकडेही नेऊ नका. तडक सरकारी दवाखान्यात न्या. आणि थंडीत पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

शेवटचे सांगतो, जरा हळू आवाजात. रात्र रात्र डोळा लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते, आणि उजाडल्यावर 'उठून करायचे तरी काय' असे वाटते. कर्ज, नापिकी, मुलीचे लग्न, सगळे छातीवर बसलेले असते. असा माणूस घरात असेल तर त्याला आळशी म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, बोलते करा. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा फुकट नंबर आहे. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. स्वतःला असे होत असेल तर लाजू नका. पिकाला रोग पडला तर मला विचारता ना? तसेच हे.

असो. त्या जिंतूरच्या तरुणाने पुढच्या हंगामात मला फोन केला. म्हणाला, "साहेब, आमच्या गावात शेतीशाळा ठेवा, पण ह्या बारीला दुपारी दोनला ठेवा." मी ठेवली. तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

उद्या सकाळी तुमच्या घरात कोणी उठले नाही, तर हाक मारण्याआधी एवढेच विचारा, रात्री हा झोपला किती वाजता?