अद्भुताला पंक्तीबाहेर का बसवता?

जेवणावळीतला पंक्तिप्रपंच आपण घालवला असे म्हणतो. पुस्तकांच्या बाबतीत तो अजून खुशाल चालू आहे. चार वाचक एकत्र जमले, की दोन पंक्ती मांडल्या जातात. आतल्या पंक्तीत ‘गंभीर साहित्य’ सोवळे नेसून बसते. बाहेर अंगणात जादूगार, राक्षस, उडते घोडे आणि त्यांचे असंख्य चाहते. आतले बाहेरच्यांना पोरकट म्हणतात. बाहेरचे आतल्यांना रटाळ म्हणतात. आणि एकमेकांच्या पानात काय वाढले आहे, हे कुणीच पाहत नाही.

मी आतल्या पंक्तीतला. मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. म्हणूनच की काय, गांभीर्याची हौस मला अंमळ जास्तच. चार कादंबऱ्या लिहिल्या, चारही दुःखान्त. तेव्हा पुढे जे बोलतो आहे, ते आधी माझे मलाच आहे.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात मी कविता शिकवीत असता एक मुलगा बाकाखाली पुस्तक धरून वाचत होता. हॅरी पॉटरचा पहिला भाग, मराठी अनुवाद. मी तो जप्त केला आणि ‘जरा चांगले वाच’ म्हणून त्याच्या हाती एक कादंबरी दिली. ती माझीच होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आठवड्याने त्याने ती परत आणून दिली. कशी वाटली, असे विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, “चांगली आहे, सर. पण यात सगळे नुसते रडतात. कुणी काही करत नाही.”

त्या रात्री रागारागाने मी त्याचे पुस्तक उघडले. त्यात एक आरसा आहे. माणसाच्या मनातली सर्वांत खोल इच्छा त्यात दिसते. अनाथ हॅरीला दिसतात त्याचे मेलेले आईबाप. तो पुनःपुन्हा तेथे जाऊन बसतो. शेवटी शाळेचे मुख्याध्यापक त्याला सांगतात, की या आरशापुढे बसून माणसे झिजून गेली आहेत. मी पुस्तक मिटले. माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. हे मला ठाऊक होते; पण पुस्तक हिसकावताना आठवले नव्हते. आणि हे पुस्तक मुलाला वास्तवापासून पळवते, असे मी म्हणत होतो!

हे भांडण आजचे नाही. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ निघाली. आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात मन गुंतवील असे काही घडतच नाही, म्हणून करमणूक करायची तर अद्भुताकडे वळणे भाग आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकले. वास्तविक अकरा वर्षे आधी, १८५७ सालीच, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले होते. विधवांचे हाल त्यात होते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ पत्र काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली. रोजच्या जगण्यात काही घडत नाही म्हणता? मग या यमूचे काय, असे माजघरातूनच उत्तर आले. आणि गंमत पाहा, इतकी गंभीर कादंबरी ज्या पत्रातून आली, त्याचे नाव ‘करमणूक’!

हरिभाऊंचा तो विजय खरा. पण त्यातून आम्ही धडा मात्र चुकीचा घेतला. ‘वास्तव तेवढे खरे, अद्भुत तेवढे खोटे’ असे सूत्र करून बसलो. मग खांडेकरांच्या ‘ययाती’चे काय करायचे? १९५९ची ही कादंबरी. तिच्या लेखकाला ज्ञानपीठ मिळाले ते १९७४ साली, आणि मराठीला ते पहिलेच. तिचा कणा कोणता? बापाने मुलाचे तारुण्य मागून घ्यावे, हा! याहून मोठी जादू कोणती? पण तिला कुणी पोरकट म्हणत नाही. कारण कथा पुराणातली. म्हणजे पुराणातले अद्भुत सोवळे, बाकीचे ओवळे?

विलायतेतही हेच सोवळेओवळे आहे. टॉल्कीनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली आली, आणि १९५६ साली एडमंड विल्सन या बड्या टीकाकाराने तिला पोरखेळात काढले. हा टॉल्कीन १९१६ साली सोमच्या रणांगणावर होता. त्याचा फ्रोडो ती घातकी अंगठी नष्ट करायला जीव टाकत कड्यापर्यंत जातो आणि ऐन क्षणी ती टाकू शकत नाही. ती नष्ट होते, पण त्याच्या निश्चयाने नव्हे. घरी परततो तो न भरणारी जखम घेऊन. हा पोरखेळ असेल, तर प्रौढपणा म्हणायचा कशाला?

पण अंगणातल्यांनीही एवढ्याने हुरळून जाऊ नये. लाखो प्रती खपल्या, हा गुणाचा पुरावा नव्हे. लाखांनी खपते तंबाखूसुद्धा. कसोटी दुसरीच आहे: या पुस्तकात किंमत कोण मोजतो? पुरूच्या तारुण्यावर ययाती जगतो, म्हणून तिथली जादू बोचते. जिथे मंत्र म्हणताच शत्रू पडतो, नायकाला ओरखडाही उठत नाही, आणि पुढच्या भागासाठी राक्षस पुन्हा जिवंत होतो, तिथली जादू फुकटची. आता आतल्या पंक्तीनेही ऐकावे. जिथे लेखक पात्रांवर दुःखामागून दुःख रचतो, ते केवळ आपले गांभीर्य सिद्ध व्हावे म्हणून, तिथले दुःखही फुकटचेच. माझ्या विद्यार्थ्याने माझे नेमके हेच पाप पकडले होते.

वाचकहो, दिवाळीत तुमच्या अंगणात मुले मातीचा किल्ला करतील. त्यात मावळ्यापेक्षा वाघ मोठा असेल. तुम्ही त्यांना रागवत नाही. कौतुकाने पणती लावता. मग त्याच मुलाच्या हातात राक्षसाचे पुस्तक दिसले, की तेवढ्यानेच कपाळाला आठ्या का? पुस्तक हिसकावू नका. जवळ बसा आणि विचारा, “यात किंमत कोण मोजतो रे?” उत्तर आले, तर ते पुस्तक तुम्हीही वाचा. नाही आले, तर त्याला दुसरे द्या. मात्र ते आधी स्वतः त्याच कसोटीवर घासून पाहा.

मी ते पुस्तक त्या मुलाला परत दिले आणि सर्व वर्गासमोर माझे चुकले म्हणून सांगितले. त्याने दुसरा भाग मागितला. माझी दुसरी कादंबरी अजून मागितलेली नाही.