विंडोज नसले तरी लॅपटॉप उपयोगाचाच

‘विंडोजशिवाय स्वस्त लॅपटॉप घेणे म्हणजे पैसे पाण्यात’ हे जळगावच्या वाचकाचे मत मला मुळीच पटले नाही. अशा लॅपटॉपवर बहुधा फ्रीडॉस ही साधी प्रणाली असते, पण तिच्या जागी उबुंटू किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स फुकट टाकता येते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकवतात. मग खान्देशातल्या पोरांना ते का जमू नये? टॅली शिकायची असेल तर विंडोज घ्यावे, हे मान्य. खरा धोका निराळाच आहे: काही दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणत विंडोजची चोरीची प्रत घालतात. कापसाच्या पैशातून मुलीला लॅपटॉप घेणाऱ्या बापाने ती नाकारावी, आणि लिनक्सवर वाय-फाय चालते का, हे दुकानातच लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून पाहावे.

— एक शिक्षिका, धुळे