खिशातल्या प्लेयरची बाजू

वेगळा म्युझिक प्लेयर घ्यायचा म्हटलं की इथे चेन्नईच्या पेरुंगुडीत दोन तऱ्हेचे लोक आडवे येतात. पहिले म्हणतात, खिशात फोन असताना आणखी एक डबी कशाला? दुसरे म्हणतात, घ्यायचाच तर पन्नास हजारांच्या पुढचा घ्या, त्याखालचं सगळं खेळणं. इथल्या ओएमआर रस्त्यावरच्या आयटी कंपन्यांत दोन्ही पंथांचे लोक भरपूर आहेत, आणि दोघेही माहितगार आहेत. तरी दोघांचंही म्हणणं चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. दोघेही यंत्रापासून सुरुवात करतात. सुरुवात करायला हवी ती आपल्याकडे कोणतं गाणं आहे आणि ते आपल्याकडे राहणार आहे का, या प्रश्नापासून.

फोनवाल्यांचं म्हणणं आधी नीट मांडते, कारण ते पोकळ नाही. महिन्याला शंभर-दीडशे रुपयांत कोट्यवधी गाणी मिळतात. फोन तसाही जवळ असतोच. ‘हजार गाणी खिशात’ ही कल्पना ज्या ॲपलने 2001 मध्ये जगाला विकली, तिनेच 10 मे 2022 रोजी आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं. मग मेलेल्या वस्तूचा आग्रह कशाला? राहता राहिला आवाज. तर टाइप-सीला लावायचा चांगला छोटा डोंगल घेतला की फोनमधूनही अगदी स्वच्छ आवाज येतो. हा शेवटचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. फोनचा आवाज वाईट असतो म्हणून वेगळा प्लेयर घ्या, असं जो दुकानदार सांगतो तो दिशाभूल करतो.

पण कोट्यवधी गाणी ‘मिळतात’ म्हणजे ती आपली होतात असं नाही. फ्लिपकार्टने फेब्रुवारी 2012 मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं आणि जून 2013 मध्ये बंद केलं. तिथे विकत मिळत त्या साध्या एमपीथ्री फाइली होत्या, म्हणून ज्यांनी त्या उतरवून नीट ठेवल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात. पुढे गूगल प्ले म्युझिक 2020 मध्ये गेलं. रेसो 31 जानेवारी 2024 ला भारतातून गेलं, आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळायचं ठरवलं. वर्गणीच्या सेवेत ‘डाउनलोड’ केलेलं गाणं कुलूपबंद असतं. वर्गणी थांबली किंवा सेवा संपली की ते फोनमध्ये असूनही वाजत नाही. सेवा चालू असतानाही खात्री नसतेच. मार्च 2023 मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून दिसेनाशी झाली, कारण दोन कंपन्यांचा करार पुढे सरकला नव्हता. ऐकणाऱ्याने पैसे भरलेले होते, पण त्याला कुणी विचारलं नाही.

याहून मोठा मुद्दा जे तिथे कधी आलंच नाही त्याचा आहे. महाराष्ट्रातल्या किती घरांत अजून कॅसेटींचे खोके आहेत! पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसच्या कॅसेटी, आकाशवाणीवरून रात्री जागून टेप केलेली मैफल, गणेशोत्सवात मांडवाच्या कडेला टू-इन-वन ठेवून भरून घेतलेलं नाट्यसंगीत, कुणा बुवांच्या घरगुती बैठकीच्या प्रतीची प्रत. यातलं बरंचसं कोणत्याही ॲपवर नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत, कारण त्याला ना कंपनी आहे ना करार. चेन्नईच्या जुन्या घरांत कच्चेरीच्या, म्हणजे इथल्या मैफलींच्या, कॅसेटींची हीच कथा आहे. हे सगळं ज्याच्या घरात आहे त्याला ‘सगळं ऑनलाइन मिळतं’ असं सांगणं म्हणजे त्याच्या संग्रहाची किंमत शून्य ठरवणं आहे.

आणि पेरुंगुडीत राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागत नाही. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात वेलाचेरी, पल्लीकरणै आणि पेरुंगुडीच्या वस्त्यांत पाणी शिरलं, वीज गेली आणि मोबाइलचं नेटवर्कही गेलं. अशा वेळी फोनची उरलेली बॅटरी घरच्यांशी बोलण्यासाठी राखून ठेवायची असते. अंधारात बसून राहिलेल्या माणसाला गाण्याचा आधार लागतो तो नेमका तेव्हाच, आणि सगळी गाणी त्याच फोनमध्ये असतात. राहिला ‘मेलेल्या वस्तू’चा आक्षेप. आयपॉड बंद झाला म्हणजे फक्त एका कंपनीचा माल बंद झाला. त्यानंतर जानेवारी 2023 मध्येही सोनीने नवा वॉकमन आणला, आणि फियो, शॅनलिंग, हायबी या चिनी कंपन्या आजही प्लेयर बनवत आहेत.

आता दुसरा पंथ. यांचं म्हणणं असं: सीडीचा आवाज 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झचा, ते जुनं झालं. खरं संगीत 24 बिट, 96 किंवा 192 किलोहर्ट्झच्या, म्हणजे ‘हाय-रेझ’ फाइलींत असतं आणि ते ऐकायला तसाच ताकदवान प्लेयर हवा. आकडे मोठे आहेत म्हणून कानाला फरक मोठा पडतो, हे यातलं गृहीतक आहे, आणि ते तपासलं गेलेलं आहे. मेयर आणि मोरान या दोघांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हाय-रेझ आवाज मधेच सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला. ऐकणाऱ्यांना 554 पैकी 276 वेळा बरोबर ओळखता आलं. नाणं उडवलं असतं तरी जवळपास एवढंच आलं असतं. हाय-रेझच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा म्हणून जोशुआ रीस यांचा 2016 चा अभ्यास सांगतात. अठरा प्रयोगांची बेरीज करून त्यांना जे आढळलं ते म्हणजे शंभरात 52.3 बरोबर उत्तरं. संशोधकाच्या दृष्टीने हा फरक खरा आहे, पण त्यासाठी दोन महिन्यांचं घरभाडं खर्च करण्याइतका तो मोठा नाही. शिवाय हेच लोक पुष्कळदा ब्लूटूथ इयरबड लावून बसतात, आणि ब्लूटूथची साधी एसबीसी पद्धत जेमतेम 328 केबीपीएसपर्यंत जाते. सीडीला 1,411 लागतात. मग 192 किलोहर्ट्झचं काय उरलं?

आपल्या संगीतापुरतं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण घ्या. किराणा घराण्याचे हे थोर गवई मिरजेला स्थायिक झाले, पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, आणि ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोविल स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. हे स्टेशन चेन्नई–चेंगलपट्टू मार्गावर आहे. तांबरमच्या पुढे लोकलने सहज जाता येतं. इथे राहणाऱ्या मराठी माणसाने एकदा तरी तिथे उतरावं असं मला मनापासून वाटतं. खाँसाहेबांचं जे गाणं आपल्याला उरलं आहे ते 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं. 1930 च्या दशकातल्या त्यांच्या ओडियनच्या तबकड्यांत साधारण आठ किलोहर्ट्झच्या वर खरखरीशिवाय फारसं काही नाही, आणि सीडीचा दर्जा वीस किलोहर्ट्झच्याही पुढे पोचतो. त्या तबकडीची 192 किलोहर्ट्झची फाइल केली तर फक्त खरखर जास्त तपशिलात साठवली जाते. तरीही त्यांचा स्वर लागला की अंगावर काटा येतो. प्लेयरच्या डब्यावरच्या कोणत्याही आकड्याशी त्याचा संबंध नाही.

सारेगामाच्या ‘कारवाँ’बद्दलही विचारणा होते, म्हणून थोडक्यात. 2017 मध्ये आलेला हा 5,000 गाणी भरलेला रेडिओसारखा दिसणारा प्लेयर, त्याची मराठी आवृत्तीही निघाली. ज्यांना फाइल, फोल्डर या भानगडीत पडायचं नाही अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना तो जरूर द्यावा. पण ती कंपनीने केलेली निवड आहे. आपला संग्रह ऐकण्यासाठी वेगळं काही लागतं.

मग घ्यावं काय? मी मॉडेलचं नाव देत नाही, कारण वर्षभरात ते बाजारातून जातं. काय तपासायचं ते मात्र सांगते.

सगळ्यात आधी जोड तपासा. एमपीथ्रीची पद्धत आवाजाचे 1,152 नमुन्यांचे तुकडे पाडून काम करते, आणि त्यात फाइलच्या सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता आपोआप भरली जाते. सिनेमाच्या गाण्यात हे कळतही नाही. पण विलंबित ख्याल एका फाइलीत आणि त्याच रागातली द्रुत बंदिश दुसऱ्या फाइलीत असेल, तर मधे तानपुरा तुटतो. क्षणभरच तुटतो, पण चाळीस मिनिटं बांधत आणलेलं वातावरण त्या एका क्षणात विस्कटतं. चांगला प्लेयर ही भरलेली शांतता ओळखून गाळतो. या सोयीला गॅपलेस म्हणतात. आयपॉडमध्येसुद्धा ती 2006 मध्ये आली, आणि स्वस्त प्लेयरांत आजही पुष्कळदा नसते. माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटला जाल तेव्हा अशा दोन सलग फाइली भरलेलं आपलं कार्ड बरोबर न्या. पहिल्या फाइलीची शेवटची दहा सेकंदं लावा आणि डोळे मिटून तानपुरा ऐका. तुटला तर तो प्लेयर परत ठेवा, मग त्यावर कितीही सोनेरी शिक्के असोत.

दुसरी गोष्ट, फोल्डर. हे प्लेयर बनवणारे लोक गायक आणि अल्बम या दोन कप्प्यांत जग बसवतात. आपल्याला लागतात राग, मैफलीचं गाव, साल, साथीला कोण. तेव्हा आपण कॉम्प्युटरवर लावलेले फोल्डर जसेच्या तसे दिसले पाहिजेत, आणि देवनागरी नावांच्या जागी चौकोन उमटता कामा नयेत. फाइली भरायला खास सॉफ्टवेअरची सक्ती नको. केबल लावली, कॉपी केलं, झालं.

प्लेयर बंद करून पुन्हा सुरू केला की तासाभराची फाइल जिथे सोडली तिथूनच लागली पाहिजे. पेरुंगुडी स्टेशनवरून बीचकडे जाणाऱ्या एमआरटीएसच्या गाडीत उभ्याने प्रवास करताना खिशात हात घालून आवाज कमी करता यावा, म्हणून खरी दाबायची बटणं हवीत. काचेवरचा स्पर्श तिथे कामाचा नाही. अँड्रॉइडवर चालणारे प्लेयर मी टाळायला सांगते. त्यात तोच फोन पुन्हा आत येतो, तेच नोटिफिकेशन, तीच बॅटरीची खा-खा, आणि चार-पाच वर्षांत ॲप त्याला जुनं ठरवून मोकळी होतात. कार्डाची खाच मात्र हवीच. घरगुती टेप सीडीच्या दर्जाने उतरवली तर तासाला साधारण 635 एमबी लागतात. फ्लॅक या पद्धतीने साठवली तर काहीही न गमावता जागा जवळपास निम्मी होते. म्हणजे 128 जीबीच्या एका कार्डात साडेतीनशे तासांच्या आसपास गाणं मावतं. बहुतेकांचा कॅसेटींचा खोका यापेक्षा लहान असतो. कार्ड बनावट निघण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून नवं कार्ड पूर्ण भरून, सगळं परत वाचून पाहिल्याशिवाय त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आणि एक प्रत कायम दुसरीकडे असू द्या.

पैसे प्लेयरपेक्षा इयरफोनवर जास्त घाला. कानात नीट बसणारा, बाहेरचा आवाज अडवणारा वायरचा इयरफोन हा ओएमआरवर चैनीचा विषय नाही. मेट्रोचं काम, बसचे हॉर्न, लोकलचा खडखडाट यांच्यावर मात करायला लोक आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. बाहेरचा गोंगाट आत येत नसेल तर हळू आवाजातही मींड पूर्ण ऐकू येते. गाणाऱ्याचं बारीक काम ऐकण्यासाठी आपण एवढा खटाटोप करतो, तर ते ऐकणारा कान आधी शाबूत राहायला हवा.

यावर शेवटचा आक्षेप उरतो. हे सगळं करायला वेळ कुणाला आहे? वेळ लागतो, हे खरंच आहे. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. कॅसेटच्या आत फितीला हेडवर दाबून धरणारी फेल्टची इवलीशी गादी असते. जुन्या कॅसेटीत तिचा डिंक सुकतो, गादी गळून पडते आणि आवाज एकदम बसतो. कॅसेट खराब झाली असं समजून लोक ती टाकून देतात. खरं तर दुसऱ्या नको असलेल्या कॅसेटची गादी चिमट्याने काढून तिथे बसवली की तोच आवाज पुन्हा उघडतो. सुट्टीत गावी गेल्यावर एका दुपारी दोन कॅसेटी एवढा हिशेब धरला तरी दिवाळी आणि उन्हाळा मिळून बरंच काम होतं. ती उतरवताना आईला किंवा काकांना शेजारी बसवा आणि ही मैफल कुठली, तबल्यावर कोण होतं, हे विचारून फाइलच्या नावात लिहून टाका. ही माहिती त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नाही.

प्लेयर पुढच्या वर्षी घेतलात तरी चालेल, तेव्हा तो याहून चांगला आणि कदाचित स्वस्तही मिळेल. कॅसेटी मात्र या सुट्टीतच उतरवायला घ्या. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आणि तो दुरुस्त करणारा माणूस, दोन्ही मिळणं कठीण होत चाललं आहे.