गाव ‘सबमर्ज’ होत नाही, बुडवलं जातं



सरकारी कागद नीट ऐका. त्यात कोणीच आपलं गाव बुडवत नाही, गाव आपोआप ‘सबमर्जन्स’मध्ये येतं. घर कोणी मोडत नाही, ‘इव्हिक्शन’ होतं. महू-चारोळी कोणी तोडत नाही, जंगलाचं ‘डायव्हर्जन’ होतं, जसा काही शेतातला पाट दुसरीकडे वळवला. आणि आपण कोण? ‘अफेक्टेड’. ताप आला, पटकी आली, तसं धरण आलं! धरण बांधायचं कोणी ठरवलं, तो माणूस या भाषेत सापडतच नाही.

साहेबांची भाषा साहेबांनी बोलावी. पण आता आपली शिकलेली पोरं पण निवेदनात लिहायला लागली, ‘आमच्यावर अ‍ॅडव्हर्स इम्पॅक्ट होणार आहे.’ अरे भाऊ, सरळ लिही ना! ज्वारीचं शेत पाण्यात जाईल, नदीपारच्या सोयऱ्यांकडे जायची वाट तुटेल, गुरं चारायची कुठे? ‘इम्पॅक्ट’ वाचून साहेब मान हलवतो नि फाइल पुढच्या टेबलावर ढकलतो. किती एकर, कोणाचं, कधी, असं लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. (‘प्रतिकूल परिणाम’ हे मराठी पण त्याच जातीचं.)

एका शब्दाने जमीन जाते, ते कसं बघा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नर्मदा लवादाचा १९७९ चा निवाडा म्हणतो, २५ टक्क्यांपेक्षा जास्त जमीन जाईल त्या कुटुंबाला कमीत कमी २ हेक्टर ओलिताची जमीन द्या. बरं आहे. पण जमीन गेली कोणाची म्हणायची? सातबारावर नाव असेल त्याची. आपल्या बाप-आज्यांनी डोंगरावर नेवाड काढलं, पिढ्यान्‌पिढ्या कसलं, त्याला कागद नाही. म्हणून तो ‘एन्क्रोचर’. झालं! शेतकऱ्याच्या यादीतून उचलला आणि चोराच्या यादीत टाकला. ३१ मार्च १९७८ पर्यंतची वहिवाट कायम करायचा ठराव सरकारनेच काढला, पण त्यातसुद्धा शब्द ‘अतिक्रमण’च. जंगलखात्याचा कायदा १९२७ चा. त्याच्या आधीपासून डोंगरात कोण राहत होतं? मग अतिक्रमण कोणी कोणावर केलं?

इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही. उलट शिकाच. त्याच निवाड्यात इंग्रजीतच लिहिलंय, की पाणी चढायच्या एक वर्ष आधी जमीन हातात द्यायची. ते वाक्य घेऊन कोण साहेब आपल्या पाड्यावर आला? नोटिशीचं इंग्रजी मात्र बरोबर पावसाळ्याच्या तोंडावर येतं. ते एक वर्षाचं वाक्य पोरांनी पाठ करावं आणि कचेरीत तोंडावर म्हणून दाखवावं.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपली यादी आणायची. कोण कुठलं शेत कसतो, किती, बापाच्या वेळेपासून की आज्याच्या, महू किती, विहीर कोणाची, गावदेव कुठे. म्हाताऱ्यांनी आपल्या बोलीत सांगावं, पोरांनी तसंच उतरवावं, शब्द सजवू नयेत. आणि कोणी ‘अतिक्रमणदार’ छापलेला फॉर्म पुढे केला, तर तो शब्द खोडा, वर ‘जमीन कसणारा’ लिहा, मगच अंगठा द्या.