२८ अंशांचे अंटार्क्टिका

आमच्या टेबलावर सध्या शीतप्रिय जीवाणूंची चळत लागली आहे. म्हणजे त्यांच्यावरच्या लेखांची. ध्रुवीय समुद्रात सांडलेले डिझेल खाणारा अमुक स्ट्रेन, तमुक कन्सॉर्शियम. पंधरा दिवसांत नव्वद टक्के विघटन. यातले बहुतेक लेख आम्ही परत पाठवले आणि आता फोन येऊ लागले आहेत. ‘आकडे इतके चांगले असताना नाकारलं का?’ आकडे इतके चांगले होते म्हणूनच नाकारले.

पद्धतीचा भाग वाचावा. नमुना अंटार्क्टिकाचा, माध्यम बुशनेल-हास, शेकर १५० आरपीएम आणि तापमान २८ अंश. २८ का? तर विभागातला एकमेव चालू बीओडी इन्क्यूबेटर २८ वर लावलेला होता आणि त्यात आणखी दोघांचे फ्लास्क होते. रॉस समुद्रातून मिळालेल्या ‘ओलेइस्पिरा अंटार्क्टिका’चे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा जीवाणू थंडीतच जोमाने वाढतो. त्याला २८ अंशांवर ठेवणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून चुलीत बसवणे. त्या तापमानाला फ्लास्कमध्ये जे वर येते, ते थंडी सोसणारे, कुठेही सापडणारे कोणीतरी असते. मग लेखात त्यालाच ‘शीतप्रिय’ म्हणून मिरवायचे.

ही चूक निदान उघड दिसते. आम्हाला जास्त राग येतो तो कापसाच्या बोळ्याचा. पंधरा दिवस हलवलेल्या फ्लास्कच्या तोंडचा बोळा काढा आणि नाकाशी न्या. डिझेलचा भपकारा येतो. हलके अल्केन आणि बेंझिन-टोल्युइनच्या कुळातली मंडळी बोळ्यातून केव्हाच हवेत गेलेली असतात, आणि त्यांचे श्रेय मात्र जीवाणूंच्या खात्यावर. मर्क्युरिक क्लोराइड किंवा सोडियम अझाइड घालून मारलेला कंट्रोल शेजारी ठेवला असता तर नव्वदातले किती जीवाणूंचे आणि किती हवेचे, ते कळले असते. आलेल्या लेखांपैकी मोजक्यांतच तो होता. ध्रुवीय समुद्रात तर थंडीमुळे हेच विषारी हलके घटक उडून न जाता जास्त काळ पाण्यात राहतात. म्हणजे जिथे खरा त्रास आहे, तिथलाच भाग आपण खिडकीतून बाहेर सोडतो आणि प्रयोग यशस्वी झाला म्हणतो.

एका लेखाने तर कमाल केली. विघटनाची टक्केवारी होपेन या सहसा न विघटणाऱ्या घटकाशी तुलना करून काढली होती. अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्झॉन वाल्डेझ’मधून कच्चे तेल सांडले, तेव्हा होपेन हा मापदंड म्हणून फार उपयोगी पडला, हे खरे. पण तो कच्च्या तेलाच्या जड भागात असतो. डिझेलच्या उकळ-पट्ट्यात तो बसत नाही. अंटार्क्टिक समुद्रात जड इंधन तेलावर ऑगस्ट २०११ पासून बंदी आहे, त्यामुळे तिथे सांडण्याची भीती मुख्यतः हलक्या इंधनाची. ‘बाहिया पाराइसो’ हे अर्जेंटिनाचे जहाज जानेवारी १९८९ मध्ये पामर केंद्राजवळ खडकावर आदळले, तेव्हा सुमारे ६ लाख लिटर इंधन गळाले, तेही डिझेलच्याच जातीचे. ज्या इंधनात होपेन नाही, त्यात होपेनशी गुणोत्तर कसे काढले, असे आम्ही लेखकांना विचारले. उत्तर आले नाही. डिझेलसाठी बायसायक्लिक सेस्क्विटरपेन मोजता येतात. तेही जमत नसेल तर सी-१७ आणि प्रिस्टेनचे गुणोत्तर द्या, मात्र प्रिस्टेनही सावकाश का होईना खाल्ले जाते, हे त्याच वाक्यात लिहा.

बुशनेल-हासबद्दल थोडे. त्यात लिटरला एक ग्रॅम अमोनियम नायट्रेट असते, म्हणजे नायट्रोजन सुमारे ३५० मिलिग्रॅम. दक्षिण महासागर नायट्रेटच्या बाबतीत श्रीमंत मानला जातो. तरी तिथले प्रमाण लिटरमागे साधारण ३० मायक्रोमोल, म्हणजे जेमतेम ०.४ मिलिग्रॅम नायट्रोजन. एक ग्रॅम तेल फस्त करायला सुमारे १५० मिलिग्रॅम नायट्रोजन लागतो, असा ढोबळ हिशेब आपण सगळेच वर्गात शिकवतो. मग तेवढ्यासाठी साडेतीनशे लिटर समुद्र लागला. फ्लास्कमध्ये आपण जीवाणूंना लग्नाची पंगत घालतो आणि समुद्रात त्यांच्या नशिबी भाकरीचा तुकडा असतो, एवढा फरक निष्कर्षात कुठेतरी दिसायला नको का?

आता सरकारी बाजू, कारण सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे बरे नव्हे. एका वाचकाने अनुदानाच्या अर्जाची प्रत पाठवली आहे. कार्यालयाचे नाव देत नाही. असे कार्यालय एकच नसावे. अर्जात एक सक्तीचा रकाना आहे: ‘समुद्रात सोडावयाच्या कन्सॉर्शियमचे प्रमाण, लिटरमध्ये’. तो रिकामा ठेवला तर संगणक अर्ज पुढे सरकू देत नाही. वाचकाने प्रामाणिकपणे शून्य भरले. शेरा आला, ‘प्रात्यक्षिक घटक अपुरा’. आता १९९१ चा माद्रिद प्रोटोकॉल आणि त्याचे दुसरे परिशिष्ट काढून पाहा. अंटार्क्टिकात परकी प्रजाती परवान्याशिवाय नेता येत नाही, आणि जीवाणूंना परवाना मिळतो तो नियंत्रित प्रयोगापुरताच. आपल्या संसदेने २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक कायदाही केला. म्हणजे एका टेबलावर कायदा सांगतो, सोडू नका, आणि दुसऱ्या टेबलावर रकाना विचारतो, किती लिटर सोडणार.

यावर काहींचे म्हणणे, आमचा स्ट्रेन तर तिथलाच आहे. आपल्या ‘मैत्री’ केंद्राजवळच्या शिर्माखर ओअॅसिसमधला जीवाणू वीस वर्षे फ्रीझरमध्ये ठेवून, पेट्रीडिशमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवून, सुमारे तीन हजार किलोमीटर दूरच्या ‘भारती’ केंद्राजवळ समुद्रात सोडायचा. ती माहेरवाशीण की परकी? गोड्या पाण्याच्या तळ्यातली असेल तर समुद्रात तिचा निभाव लागेल का, हा आणखी वेगळा प्रश्न. वास्कोतल्या ध्रुवीय केंद्राने या मुद्द्यावर एक पानभर स्पष्ट टिपण काढले, तर राज्यातल्या निम्म्या मार्गदर्शकांची झोप परत येईल.

तसेही बाहेरून जीवाणू ओतून समुद्र साफ झाल्याचा भक्कम दाखला आहे कुठे? आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या स्यूडोमोनासला १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंटचा हक्क मान्य केला, पण तो जीवाणू तेलगळतीवर कधी सोडला गेला नाही. अलास्कात १९९० मध्ये दोन विकाऊ जीवाणू-उत्पादने किनाऱ्यावर तपासली गेली. नोंद घ्यावी असा फरक दिसला नाही. उपयोग दिसला तो खतांचा, आणि तोही किनाऱ्यावर, जिथे खत टिकते. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये हजार मीटरखाली, ५ अंशांच्या पाण्यात तेलाचा लोट पसरला, तेव्हा तिथलेच जीवाणू कोणी न बोलावता जमले. जीवाणूंची टंचाई कुठेच नाही. टंचाई आहे ती खऱ्या तापमानाला, खऱ्या पाण्यात, धीराने मोजलेल्या आकड्यांची.

कोल्डरूममध्ये शेकर चालवणे सोपे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. दमटपणाने मोटर गंजते, वीज गेली की तापमान चढते, आणि ४ अंशांवर दोन महिने थांबूनही क्रोमॅटोग्राम जवळजवळ जागच्या जागी असतो. पीएच.डी.ची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणूनच हे सांगायचे आहे: तो न हललेला क्रोमॅटोग्राम आम्हाला हवा आहे. मार्गदर्शकांनो, तो कपाटात टाकू नका आणि विद्यार्थ्याला ‘पुन्हा २८ वर करून बघ’ असे कृपा करून सांगू नका.

पुढच्या अंकापासून या विषयावरच्या लेखात तीन गोष्टी नसतील तर तो न वाचता परत जाईल: ५ अंश किंवा त्याखालचे तापमान, मारलेला कंट्रोल, आणि इंधनाला साजेसा मापदंड. समुद्राचे खरे पाणी वापरले असेल तर लेख रांगेत पुढे घेऊ. काहीच घडले नाही असे निकाल दोन पानांत लिहून पाठवा. त्यांच्यासाठी प्रत्येक अंकात चार पाने राखून ठेवली आहेत. आणि ज्यांच्या अर्जात तो लिटरचा रकाना आला असेल, त्यांनी त्यात शून्यच भरावे आणि आलेल्या शेऱ्याची प्रत आमच्याकडे पाठवावी.