ओहोटीची तिथी आणि जयणा



कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो आणि घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. शत्रुंजय-गिरनारच्या यात्रेस गेलेली काही कुटुंबे पुढे जामनगरला जातात व चांदी बाजारातील प्राचीन जिनालयांचे दर्शन घेतात. याच जामनगरच्या किनाऱ्यालगत, कच्छच्या आखातात, १९८२ मध्ये घोषित झालेले भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. मुलांना ते दाखवावे असे अनेकांच्या मनात येते. हा बेत आखताना श्रावकाने काय पाहावे, याचा विचार या वेळी करू.

इतर अभयारण्यांत आपण वाहनात बसून दुरून प्राणी पाहतो. येथे ओहोटीला पाणी मागे सरते आणि माणूस प्रवाळांच्या वसाहतीत पायी चालत जातो. प्रवाळ म्हणजे जवाहिऱ्याकडील पोवळ्याचे भाऊबंद. ‘जीवविचार प्रकरणा’त विद्रुमाची, म्हणजे पोवळ्याची, गणना पृथ्वीकाय जीवांत केली आहे, शंख आणि कवडी यांना द्वींद्रिय म्हटले आहे. आधुनिक जीवशास्त्र प्रवाळाला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. वर्गीकरण वेगळे असले तरी तो सजीव आहे, याबद्दल दोहोंत मतभेद नाही. घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर वाढतो. एका बेसावध पावलाने कित्येक वर्षांचे मुद्दल बुडते.

म्हणून पहिला निर्णय तिथीचा. पौर्णिमा व अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण असते आणि ओहोटीला पाणी सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी फारसे हटत नाही. चतुर्दशीचा उपवास व पारणे आटोपून प्रतिपदेच्या आसपास जाणे त्यामुळे सोयीचे. ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून असा दिवस निवडावा, की दिवसाउजेडी फिरून सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचता येईल व चौविहार सांभाळला जाईल. गाळलेले पाणी आणि कोरडा फराळ सोबत असावा. उष्टे किंवा वेष्टने किनाऱ्यावर राहू नयेत.

दुसरा निर्णय स्थळाचा. पिरोटन बेटावर नौकेने जावे लागते. त्यासाठी वनखात्याची परवानगी हवी आणि सारे वेळापत्रक भरतीच्या हाती असते. वाडीनारजवळील नरारा येथे मोटारीने जाता येते. जामनगरपासून ते सुमारे साठ किलोमीटर आहे. लहान मुले व ज्येष्ठ मंडळी बरोबर असल्यास नरारा बरे. पायांत घट्ट बसणारे, न घसरणारे बूट हवेत. वाळूवर किंवा वाटाड्या दाखवील त्याच वाटेने, एकामागून एक चालावे. दगड उलथू नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाण्यात उतरण्यापूर्वीच वाटाड्याला नम्रपणे सांगावे, “भाऊ, कोणताही जीव उचलून दाखवू नका.” पर्यटकांना आनंद व्हावा म्हणून केंड मासा हातात धरला जातो, तो चेंडूसारखा फुगतो आणि मुले टाळ्या वाजवतात. तो मासा भीतीने फुगलेला असतो, हे मुलांना घरूनच समजावून न्यावे. पाण्यात शांत उभे राहिले तर खेकडे, तारामासे, समुद्रफुले आपोआप दिसू लागतात. शंख-शिंपले उचलू नयेत. रिकामा भासणारा शंख पुष्कळदा संन्यासी खेकड्याचे घर असतो. प्रवाळाचा तुकडा आणणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसारही गुन्हा ठरू शकते.

मंडळाची पन्नास माणसांची बस असेल, तर एवढी जयणा पाळणे अवघड आहे. अशांनी प्रवाळांत उतरण्याचा आग्रह सोडावा व जामनगरजवळच्या खिजडिया पक्षी अभयारण्यात जावे. तेथे बांधाच्या एका बाजूस गोडे आणि दुसऱ्या बाजूस खारे पाणी आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरतात. दुर्बिणीतून ते मनसोक्त पाहता येतात.

पाठशाळेत एकेंद्रिय-द्वींद्रियांची नावे मुले तोंडपाठ म्हणतात. ज्यांची नावे पाठ केली, त्यांच्यामधून पाऊल जपून कसे टाकावे, हे त्यांना येथे शिकता येईल. मात्र त्यासाठी वडीलधाऱ्यांनी आपले पाऊल आधी जपले पाहिजे.