क्रमांक शहराचा, हिशेब घराचा

"मावशी, बंगळूर पहिलं आहे बघ. आपलं नागपूर यादीतच नाही," भाचा फोनवर सांगत होता. 'संपत्ती उभी करण्यासाठी सर्वोत्तम शहरं' अशी एक यादी त्याच्या ऑफिसात मोबाइलवरून फिरत होती. नेमकी त्याच आठवड्यात कंपनीने त्याला बंगळूरला बदली देऊ केली होती, पगार दीडपट. त्याच्या आवाजात आनंदापेक्षा घाई जास्त होती, गाडी सुटायला आलीय आणि आपण अजून पुलावरच आहोत अशी. ती घाई ऐकून मी हा लेख लिहायला घेतला. अशा याद्या वाचून माणसं बसलेली घडी मोडतात. ज्या आकड्याच्या भरवशावर मोडतात, तो आकडा त्यांचा नसतो.

पुण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं काढली. त्या काळात हजारो पगाराच्या स्लिपा हाताखालून गेल्या. मी बोलते आहे ते त्या टेबलावरून.

आधी यादीवाल्यांची बाजू, कारण ती पोकळ नाही. माणसाच्या कमाईत शहराचा वाटा मोठा असतोच. वाशिमच्या मुलाला वाशिममध्ये मिळणारा पगार आणि हिंजवडीत मिळणारा पगार यांत जे अंतर असतं, ते त्याच्या हुशारीतलं नसतं, जागेतलं असतं. एका ठिकाणी शंभर कंपन्या असल्या की एकीने काढलं तर दुसरी घेते, सोबतची माणसं कामाच्या खाचाखोचा शिकवतात, आणि पुढची नोकरी चहाच्या टपरीवर कळते. मग पगार, घरभाडं, महागाई, बेरोजगारी यांचे आकडे एकत्र करून कुणी शहरं तोलली, तर नवख्या माणसाला निदान अंदाज तरी येतो, असं ते म्हणतात. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीचा घर परवडण्याचा निर्देशांक घ्या. 2023 साली त्याने सांगितलं की घराच्या हप्त्यात कुटुंबाच्या उत्पन्नातला अहमदाबादेत 21 टक्के वाटा जातो, पुण्यात 24 आणि मुंबईत 51. यात खोटं काही नाही. मुंबईत घर घेणं पुण्याच्या दुप्पट जड जातं, हे मुंबईकर त्या निर्देशांकाच्या आधीपासून सोसतो आहे.

माझा आक्षेप आकडे जमवण्याला नाही. शहराचा आकडा माणसाच्या गळ्यात बांधण्याला आहे.

हा निर्देशांक सरासरी उत्पन्न धरतो, वीस वर्षांचं कर्ज धरतो आणि घराच्या किमतीतला ऐंशी टक्के भाग बँक देईल असं धरतो. उरलेल्या वीस टक्क्यांचं काय, हे तो विचारत नाही. माझ्या टेबलावर मात्र पहिला प्रश्न तोच असायचा. बँकेच्या भाषेत त्याला मार्जिन म्हणतात, म्हणजे तुमच्या पदरचे पैसे. पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट घ्यायचा तर 16 लाख मार्जिन. शिवाय किमतीच्या सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 5 लाख 60 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. पहिला हप्ता सुरू होण्याआधीच बावीस लाखांच्या आसपास रोख हवी. ती कुठून यायची हे मी रोज पाहत होते. कुणाच्या वडिलांची ग्रॅच्युइटी, कुणाच्या आईच्या पाटल्या, कुणाचं गावाकडचं दीड एकर. तोच पगार, तेच शहर, तीच कंपनी असलेली दोन मुलं एकाच दिवशी अर्ज घेऊन यायची. एकाला किल्ली मिळायची. दुसरा आणखी सहा वर्षं भाडं भरून परत यायचा, तेव्हा फ्लॅट सव्वा कोटीचा झालेला असायचा. दोघांच्या संपत्तीतला फरक शहराने पाडलेला नव्हता. तो त्यांच्या आईबापांच्या घरात आधीच पडला होता, आणि शहराने तो फक्त वाढवत नेला. संपत्तीच्या कोणत्याही यादीत मार्जिनचा रकाना मला दिसलेला नाही. म्हणून त्या याद्या ज्यांच्याकडे काही आहे त्यांच्यासाठीच लिहिलेल्या असतात, असं मी म्हणते.

सरासरी हा शब्द तर फारच फसवा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2019 च्या कर्ज आणि गुंतवणूक सर्वेक्षणात शहरी कुटुंबाची सरासरी मालमत्ता 27 लाख 17 हजार रुपये निघाली. त्याच सर्वेक्षणात वरच्या दहा टक्के शहरी कुटुंबांकडे एकूण मालमत्तेपैकी 55.7 टक्के होती, आणि खालच्या निम्म्या कुटुंबांकडे मिळून 6.2 टक्के. गणित करून पाहा. त्या खालच्या निम्म्यांच्या वाट्याला घरटी साडेतीन लाखसुद्धा येत नाहीत. उद्या एखाद्या शहरात पन्नास अब्जाधीश राहायला आले तर तिथली सरासरी वर जाईल, शहर यादीत चढेल, आणि त्या खालच्या निम्म्या घरांत एक रुपयाही वाढलेला नसेल. 2024 मध्ये हुरुन या संस्थेच्या श्रीमंतांच्या यादीत मुंबईत 92 अब्जाधीश मोजले गेले, बीजिंगपेक्षा एक जास्त, आणि मुंबई आशियात पहिली ठरली. त्या बातमीचा अर्थ 'मुंबईत माणूस श्रीमंत होतो' असा लावला गेला. तो अर्थ त्या आकड्यात नाही.

मुंबईत माणूस श्रीमंत होतो, पण कोणता? गिरणगाव आठवा. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या थंडावल्या, एकेक करून बंद पडल्या. 1991 च्या विकास नियमाने गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा शहराला आणि घरांना देऊ केला होता. 2001 च्या दुरुस्तीने तो वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता उरला. त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, आणि कामगाराला सोडतीत नाव निघालं तर 225 चौरस फुटांचं घर. तेच परळ, तीच वीस-पंचवीस वर्षं. जमीन ज्याच्या नावावर होती त्याच्यासाठी ते देशातलं संपत्ती घडवणारं सर्वोत्तम शहर होतं, आणि साच्यावर उभा राहणारा त्याच शहरात देशोधडीला लागला. या दोघांना मिळून एक क्रमांक द्यायचा म्हणजे काय द्यायचं?

पुण्यात याच्या उलट घडलेलंही मी पाहिलं. हडपसरला मगरपट्ट्यातल्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी सतीश मगरांच्या पुढाकाराने चारशेवर एकर जमीन एकत्र केली, ती बिल्डरला न विकता स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भागधारक झाले. तिथे आयटी कंपन्या आल्या तेव्हा भाडं त्यांच्या कंपनीकडे आलं. त्याच सुमाराला पुण्याभोवतीच्या गावांत पुष्कळांनी एकरकमी व्यवहार केले. त्यांच्यापैकी एकाचा मुलगा माझ्याकडे कर्जाला आला होता. इमारतीचा पत्ता लिहिताना तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, हा आमचाच गट नंबर." वडिलांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या वन बीएचकेसाठी तो वीस वर्षांचं कर्ज मागत होता. मी कर्ज मंजूर केलं. तो अर्ज मला अजून विसरता आलेला नाही. मगरपट्ट्याचा शेतकरी आणि हा मुलगा, दोघांचं शहर एकच होतं. फरक होता तो हिश्शाचा.

आणि संपत्ती जिथे कमावली जाते तिथेच साठते, हे यादीवाल्यांचं गृहीतकही तपासायला हवं. सांगली जिल्ह्यात विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई मंडळी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरलेली आहेत. पेठांमधल्या सराफ गल्ल्यांत, अरुंद जिन्यांवरच्या खोल्यांत ही मंडळी मुशीत जुनं सोनं वितळवून शुद्ध करतात, आणि त्या धुरात आयुष्य काढतात. त्यांची कमाई तमिळनाडूत किंवा केरळात मोजली जाते. पण घर बांधलं जातं दुष्काळी गावात, विहीर आणि डाळिंबाची बाग होते तिथेच, लग्नंही तिथेच लागतात. त्यांच्यासाठी 'संपत्ती घडवणारं शहर' कोणतं? कोणतीही यादी याचं उत्तर देऊ शकत नाही, कारण यादीला शहर दिसतं, माणसाची वाट दिसत नाही.

ती वाट मोजताच येत नाही असं मात्र नाही. इथे मला ठामपणे काही मांडायचं आहे, कारण नुसतं 'सगळ्या याद्या खोट्या' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. 2014 साली अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चार कोटींहून अधिक मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या करनोंदी जोडून एक वेगळा प्रश्न विचारला. सर्वांत गरीब पाचव्या हिश्शात जन्मलेलं मूल मोठं होऊन सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात पोचण्याची शक्यता कुठे किती? सॅन होझेत ती 12.9 टक्के निघाली आणि शार्लटमध्ये 4.4. आता शार्लट म्हणजे कोणतं शहर? बँक ऑफ अमेरिकेचं मुख्यालय तिथे आहे, न्यूयॉर्कनंतर अमेरिकेतल्या बँकांचं सर्वांत मोठं केंद्र ते मानलं जातं. वाढतं, उंच इमारतींचं, नोकऱ्यांचं शहर. यादीत वर यायला लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं, आणि पन्नास मोठ्या शहरांत ते शेवटचं निघालं. कारणांकडे बोट दाखवणारी सूत्रंही त्या अभ्यासात सापडली: वस्त्यांची वंशवार-उत्पन्नवार विभागणी, आर्थिक दरी, शाळांचा दर्जा, शेजारधर्म, कुटुंबाची घडण. शार्लटने तो निष्कर्ष मनाला लावून घेतला, समिती नेमली, 2017 मध्ये अहवाल काढला. मला हवी आहे ती क्रमवारी ही अशी. तिच्यात एकाच माणसाचा माग काढला जातो, रिकाम्या हातांनी सुरुवात करणाऱ्याचं काय झालं हे विचारलं जातं, आणि ती वाचून शरम वाटायची असेल तर ती शहराला वाटते, तिथल्या भाडेकरूला नाही.

आपल्याकडे हे करायला साधन आहे. 2014 पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सदस्याला बारा आकडी यूएएन मिळतो आणि नोकरी, शहर बदललं तरी तोच राहतो. नावं बाजूला ठेवून सांगता येईल की बाविसाव्या वर्षी पंधरा-अठरा हजारांवर पुण्यात, नाशकात किंवा नागपुरात लागलेल्या मुलामुलींच्या खात्यात दहा वर्षांनी काय उरलं, किती जणांनी मधेच सगळं काढून घेतलं. घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर यात येणार नाहीत, ही त्याची मोठी उणीव आहे, आणि त्यांच्यासाठी वेगळी पाहणी लागेल. पण एवढं जरी दरवर्षी छापून आलं तरी महापालिकांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

भाच्याला मी यादी बाजूला ठेवून कागद घ्यायला लावला. त्याचा हातात येणारा पगार 70 हजार, बंगळूरला 1 लाख 5 हजार. पण भाचेसून नागपुरात अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, पगार 45 हजार, नोकरी कायम. म्हणजे आज घरात 1 लाख 15 हजार येतात, राहायला वडिलांचं घर आहे. बंगळूरला गेल्यावर तिची नोकरी सुटली तर 1 लाख 5 हजार, त्यातून भाडं किमान 30 हजार, डिपॉझिट वेगळं. आणि माझी बहीण, म्हणजे त्याची आई, गुडघ्यांमुळे जिना चढत नाही. तिला न्यायचं की ठेवायचं, हा प्रश्न रुपयांत लिहिता आला नाही, म्हणून त्याने तो कागदाच्या कडेला नुसताच लिहून ठेवला. त्याच कंपनीने त्याच्या शेजारी बसणाऱ्या वाशिमच्या मुलालाही तीच बदली देऊ केली होती. तो एकटा, नागपुरातही खोली भाड्यानेच. बंगळूरला तिघांत फ्लॅट घेतला तर भाडं तेवढंच, आणि वाढलेले 35 हजार जवळजवळ पूर्ण हातात. त्याने एका रात्रीत होकार दिला, आणि बरोबर केलं.

भाच्याने कंपनीकडून पंधरा दिवस वाढवून घेतले आहेत. भाचेसुनेने बंगळूरच्या दोन शाळांना अर्ज पाठवले आहेत. काल तिने कागदावर तिसरा रकाना आखला आणि उत्तर येईपर्यंत तो रिकामा ठेवला आहे.